थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (जन्म : सुमारे इ.स. १५४९, बुश्टन, विल्टशायर, इंग्लंड – मृत्यू : इ.स. १६१९, गोवा) हे जेझुइट धर्मोपदेशक, मराठी कवी आणि कोकणी भाषेचे आद्य व्याकरणकार होते. भारतात आल्याची खात्रीशीर नोंद असलेले पहिले इंग्रज म्हणूनही त्यांचा उल्लेख केला जातो. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचे नाव पाद्री तोमास इस्तेवांव असे आढळते. इ.स. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले क्रिस्तपुराण हे त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक मानले जाते. या ग्रंथाच्या पहिल्या भागात हिब्रू धर्मशास्त्रातील, म्हणजे ख्रिस्ती परंपरेत ज्याला जुना करार म्हणतात त्यातील कथा असून दुसऱ्या भागात शुभवर्तमानांच्या आधारे येशूचे चरित्र सांगितले आहे. येशूची कथा जुन्या शास्त्राची पूर्तता म्हणून सांगण्याची जी पद्धत शुभवर्तमानकारांनी रूढ केली, ती मराठी श्रोत्यांसाठी प्रथमच पुराणाच्या आणि ओवीच्या रूपात स्टीफन्स यांनी मांडली.

पूर्वायुष्य

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. त्यांचे वडील व्यापारी होते आणि त्यांचेही नाव थॉमस होते. स्टीफन्स यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचे राज्य होते. इ.स. १५५९ च्या कायद्यांनी देशात प्रॉटेस्टंट उपासनाविधी सक्तीचा झाला होता आणि रोमन कॅथलिक मिस्सा बेकायदेशीर ठरली होती. कॅथलिक धर्मगुरूंना लपूनछपून विधी करावे लागत आणि त्यांना आश्रय देणाऱ्या कुटुंबांवरही दंड व कारावासाची वेळ येत असे.

या काळात स्टीफन्स यांचा थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी निकटचा स्नेह जडला. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात प्रवेश करण्याचे ठरवले. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स हे पाउंड यांच्या सेवकाच्या वेषात वावरत असत. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुढील अनेक दशके तुरुंगांत गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये तेथील संत आंद्रेया मठात त्यांनी जेझुइट संघाची दीक्षा घेतली. ज्या देशात आपल्या धर्माचे विधी आणि ग्रंथ निषिद्ध आहेत अशा देशातून आलेला हा तरुण पुढे अशा प्रदेशात काम करणार होता, जेथे राज्यकर्त्यांनी तेथील रहिवाशांच्या धर्माचे विधी आणि ग्रंथ निषिद्ध ठरवले होते.

भारतात आगमन

पूर्वेकडील मिशनसाठी निवड झाल्यावर स्टीफन्स पोर्तुगालला गेले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि आफ्रिकेला वळसा घालून साडेसहा महिन्यांहून अधिक काळाच्या प्रवासानंतर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना पाठवलेल्या पत्रात वारे, प्रवाह, मासे, पक्षी आणि खलाशांचे आजार यांचे तपशीलवार वर्णन आहे. हे पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुट यांनी आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले. पूर्वेकडील व्यापाराविषयी इंग्लंडमध्ये जे कुतूहल त्या काळी वाढत होते, त्याला या पत्राने खतपाणी घातले, असे इतिहासकार मानतात.

गोव्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. इ.स. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. त्यांना जामिनावर सोडवण्यात स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. फिच यांनी आपल्या वृत्तान्तात त्यांच्या या मदतीची नोंद केली आहे.

२४ ऑक्टोबर १५८३ रोजी त्यांनी आपल्या भावाला लॅटिन भाषेत एक पत्र लिहिले. भारतातील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन या भाषांशी जुळते, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत व युरोपीय भाषांच्या समान उगमाविषयीचे आपले प्रसिद्ध विवेचन इ.स. १७८६ मध्ये केले. स्टीफन्स यांचे निरीक्षण त्याहून सुमारे दोनशे वर्षे जुने आहे.

साष्टीतील कार्य

स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य दक्षिण गोव्यातील साष्टी महालात गेले. ही साष्टी मुंबईजवळच्या साष्टी बेटाहून वेगळी आहे. इ.स. १५४३ मध्ये साष्टी व बारदेश हे दोन महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. त्यांपैकी साष्टीतील धर्मप्रसाराचे काम जेझुइटांकडे आणि बारदेशातील काम फ्रान्सिस्कन संघाकडे सोपवण्यात आले. इ.स. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. इ.स. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली. सार्वजनिक पूजाविधींवर आणि धर्मग्रंथ बाळगण्यावर निर्बंध आले. अनेक कुटुंबे देवतांच्या मूर्ती घेऊन पोर्तुगीज हद्दीबाहेर गेली, तर अनेकांनी धर्मांतर केले.

स्टीफन्स यांनी साष्टीत धर्मगुरू आणि रेक्टर म्हणून काम पाहिले. मडगाव आणि राशोल ही त्यांच्या कार्याची मुख्य केंद्रे होती. त्यांनी कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या.

कुंकळ्ळीची घटना

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट आणि त्यांच्या सोबत गेलेले काही जण ग्रामस्थांच्या हल्ल्यात ठार झाले. अक्वाविवा हे त्यापूर्वी अकबराच्या दरबारात राहून आलेले होते. कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांतील देवळांचा विध्वंस झाल्यामुळे तेथील गावकऱ्यांत तीव्र असंतोष होता, आणि जेझुइट तेथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेले होते. त्या वेळी स्टीफन्स साष्टीत कार्यरत होते. मृतांचे देह ताब्यात घेऊन त्यांचे दफन करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावातील पुढाऱ्यांना देहदंड दिला. हिंसा दोन्ही बाजूंनी किती जवळ आली होती हे पाहिलेल्या धर्मगुरूने त्यानंतर तीन दशकांनी आपला प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध केला.

क्रिस्तपुराणाची पार्श्वभूमी

क्रिस्तपुराणाच्या आरंभीच ग्रंथनिर्मितीचे कारण कथेच्या रूपात सांगितले आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी दुपारी मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि पाद्री गुरूंना प्रश्न विचारतो. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे ठीक आहेत. परंतु आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास मनाई झाली आहे, तर त्यांच्या जागी वाचण्यासारखे आणि वेळ सत्कारणी लावण्यासारखे काही आम्हाला का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. गुरू त्याची मागणी मान्य करतात आणि कथेला प्रारंभ होतो.

या प्रसंगातून तत्कालीन समाजाची खरी अडचण दिसते. साष्टीतील कुटुंबांना धर्माचा परिचय केवळ सिद्धान्तांतून झालेला नव्हता. देवळातील पुराणश्रवण, घरातील पोथीवाचन आणि सणावारांची गाणी यांतून तो झालेला होता. धर्मांतरानंतर हे सारे एकाएकी थांबले. प्रश्नोत्तरांच्या लहान पुस्तिकेने ती पोकळी भरून निघणे शक्य नव्हते. स्टीफन्स यांनी ही उणीव ओळखली आणि निषिद्ध ठरलेल्या वाङ्मयप्रकाराचाच आकृतिबंध उचलला. श्रोत्याचा प्रश्न, वक्त्याचे उत्तर, आरंभीचे वंदन, ओवीचा छंद आणि अध्यायांची विभागणी हे सर्व पुराणपरंपरेतील घटक त्यांच्या ग्रंथात आढळतात.

ग्रंथाची रचना

ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ, आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे विवेचन, असा होतो. पुराण हे नाव श्रोत्यांच्या व्यवहारात रूढ झाले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पैले पुराण या भागात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि ४,१८१ ओव्या आहेत. दुसरे पुराण या भागात ५९ अवस्वरू आणि ६,७८१ ओव्या आहेत. एकूण ओवीसंख्या १०,९६२ होते.

पैल्या पुराणात देवदूतांची निर्मिती आणि त्यांतील काहींचे पतन, विश्वाची उत्पत्ती, आदाम व हव्वा, काईन व हाबेल, नोहाच्या काळातील जलप्रलय, अब्राहाम, इसहाक, याकोब व योसेफ, मोशेच्या नेतृत्वाखाली इस्राएलची मिसरातून सुटका, दावीद व शलमोन हे राजे आणि तारणाऱ्याच्या आगमनाविषयी बोलणारे संदेष्टे असा विषयक्रम आहे. दुसऱ्या पुराणात मरीयेच्या जन्मापासून येशूचा जन्म, शिकवण, चमत्कार, क्रूसावरील मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण यांपर्यंतची कथा येते. देवदूतांचे पतन आणि मरीयेच्या आईवडिलांची कथा यांसारखे काही भाग बायबलच्या मूळ पाठापेक्षा नंतरच्या ख्रिस्ती परंपरेतून आलेले आहेत.

येशूच्या आगमनाविषयीच्या ग्रंथातील सुमारे ३८ टक्के ओव्या आगमनापूर्वीच्या कथेला दिल्या आहेत, ही बाब लक्षणीय आहे. तिचे कारण समजण्यासाठी शुभवर्तमानांच्या घडणीकडे पाहणे आवश्यक ठरते.

शुभवर्तमाने आणि हिब्रू धर्मशास्त्र

मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी ओळखली जाणारी चार शुभवर्तमाने इ.स. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक भाषेत लिहिली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळी नवा करार असा स्वतंत्र ग्रंथ अस्तित्वात नव्हता. आद्य ख्रिस्ती समुदायासाठी धर्मशास्त्र म्हणजे हिब्रू धर्मशास्त्रच होते आणि ग्रीक भाषिक समुदाय ते मुख्यतः सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरातून वाचत असे. येशूला रोमन अधिकाऱ्यांनी क्रूसावर मारले, हे त्याच्या अनुयायांपुढील सर्वांत कठीण सत्य होते. अपमानास्पद मरण आलेला मनुष्य देवाने पाठवलेला मसीहा कसा असू शकेल, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी जुन्या शास्त्रात शोधले.

हा आधार घेण्याच्या तीन प्रमुख पद्धती दिसतात. पहिली पद्धत थेट उल्लेखाची आहे. मत्तय हा लेखक येशूच्या जन्मकथेत प्रसंगामागून प्रसंग सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी संदेष्ट्याचे वचन पूर्ण झाल्याचे नमूद करतो. बेथलेहेममधील जन्मासाठी मीखा, मिसरातून परतण्यासाठी होशेय आणि बालकांच्या हत्येसाठी यिर्मया यांचा आधार त्याने घेतला आहे. होशेयाच्या ग्रंथातील मूळ वचन भविष्याविषयी नसून इस्राएल राष्ट्राच्या मिसरातून झालेल्या पूर्वीच्या सुटकेविषयी आहे. मत्तयाने इस्राएलचा इतिहास येशूच्या आयुष्यात पुन्हा घडताना पाहिला.

दुसरी पद्धत प्रसंगाच्या घडणीची आहे. क्रूसावरील मरणाच्या वर्णनात वस्त्रांसाठी चिठ्ठ्या टाकणे आणि पाहणाऱ्यांनी डोके हलवून उपहास करणे हे तपशील बाविसाव्या स्तोत्राशी जुळतात. थोड्या भाकरींनी मोठा समुदाय तृप्त होण्याच्या कथेची ठेवण अलीशा संदेष्ट्याच्या कथेसारखी आहे. लूकच्या शुभवर्तमानातील मरीयेचे स्तुतिगीत शमुवेलाची आई हन्ना हिच्या गीताच्या वळणाचे आहे. योहानाचे शुभवर्तमान उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणेच आरंभाच्या उल्लेखाने सुरू होते.

तिसरी पद्धत प्रतिरूपाची आहे. मोशे डोंगरावर जाऊन नियमशास्त्र आणतो, तर मत्तयाच्या कथेत येशू डोंगरावरून शिकवण देतो. योना तीन दिवस माशाच्या पोटात राहतो, तर येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठतो. पुढील ख्रिस्ती परंपरेने हीच दृष्टी अधिक विस्तारली आणि अब्राहामाने इसहाकाला बलिदानासाठी नेण्याच्या प्रसंगात क्रूसाची पूर्वसूचना पाहिली.

भाषांतरामुळेही अर्थ बदलत गेला. यशयाच्या सातव्या अध्यायात हिब्रू पाठात तरुण स्त्री या अर्थाचा शब्द आहे. सेप्टुअजिंटमध्ये त्यासाठी सामान्यतः कुमारिका या अर्थाने वापरला जाणारा ग्रीक शब्द आला आणि मत्तयाने तो मरीयेच्या संदर्भात लावला. ज्यू परंपरा यशयाच्या या वचनाचा संबंध आहाज राजाच्या काळातील घटनांशी जोडते. एकाच ग्रंथाचे ज्यू आणि ख्रिस्ती वाचन येथे वेगळे होते आणि हा मतभेद आजही कायम आहे.

स्टीफन्स यांची पद्धत

मत्तयाच्या वाचकांना दावीद, मोशे आणि यशया ही नावे परिचित होती. त्यामुळे एखाद्या वचनाचा नुसता निर्देश त्यांना पुरेसा होत असे. साष्टीतील श्रोत्यांना यांपैकी कोणाचीच ओळख नव्हती. येशू हा दाविदाचा पुत्र आहे, असे सांगितल्यास दावीद कोण, हा प्रश्न आधी उभा राहिला असता. वल्हांडणाचे कोकरू, मोशेने उंच केलेला पितळी सर्प किंवा योनाचा मासा यांचा संदर्भ माहीत नसल्यास येशूच्या मरणाला शुभवर्तमानांनी दिलेला अर्थ हाती लागत नाही. म्हणून स्टीफन्स यांना येशूचे चरित्र सांगण्यापूर्वी त्या चरित्राचे जुने शास्त्रच श्रोत्यांच्या कानांवर घालावे लागले. पैले पुराण ही त्यामुळे केवळ प्रस्तावना राहत नाही. दुसऱ्या पुराणातील घटनांचा अर्थ समजण्यासाठी लागणारी स्मृती ते श्रोत्यांमध्ये निर्माण करते.

त्या काळी कॅथलिक चर्चने व्हल्गेट हा बायबलचा लॅटिन पाठ अधिकृत मानला होता आणि लोकभाषांतील संपूर्ण भाषांतरांविषयी चर्चचे धोरण सावध होते. स्टीफन्स यांनी बायबलचे शब्दशः भाषांतर केले नाही. त्यांनी कथाकथनाचा मार्ग घेतला. हिब्रूतून ग्रीकमध्ये, ग्रीक व हिब्रूतून लॅटिनमध्ये आणि तेथून मराठी ओवीत असा या कथांचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर नवे संकेत त्यांना येऊन मिळाले. क्रिस्तपुराणात स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द येतो, तसेच मुक्ती, भक्त, गुरू, पाप, पुण्य हे शब्दही श्रोत्यांच्या ओळखीच्या अर्थच्छटांसह येतात.

येथे शुभवर्तमानकार आणि स्टीफन्स यांच्या परिस्थितीतील एक मूलभूत फरकही स्पष्ट होतो. शुभवर्तमानकारांनी आपल्या श्रोत्यांचेच जुने शास्त्र नव्या अर्थाने वाचले आणि ख्रिस्ती समुदायाने ते शास्त्र बायबलमध्ये जपले. साष्टीतील श्रोत्यांचे स्वतःचे जुने शास्त्र मात्र पोर्तुगीज सत्तेने निषिद्ध केले होते आणि त्याच्या जागी दुसऱ्या लोकसमूहाचे जुने शास्त्र आणून ठेवले गेले. स्टीफन्स यांनी हिंदू देवतांच्या कथांचे खंडन केले, हे त्यांच्या ग्रंथात उघड दिसते. परंतु त्या कथांची भाषा, छंद आणि श्रवणाची रीत त्यांनी टिकवली. क्रिस्तपुराणाचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू लक्षात घ्याव्या लागतात.

मराठी ओवी परंपरेशी संबंध

स्टीफन्स गोव्यात आले तो काळ मराठी ओवीच्या बहराचा होता. अंबेजोगाईशी निगडित असलेल्या मुकुंदराजांच्या विवेकसिंधूपासून आणि नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली ग्रंथपरंपरा सोळाव्या शतकात गोदावरीच्या खोऱ्यात नव्याने फुलली होती. पैठणचे एकनाथ यांनी इ.स. १५७३ मध्ये भागवतावरील टीका काशी येथे पूर्ण केली आणि इ.स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतच्या अंबेजोगाईत दासोपंत (इ.स. १५५१–१६१५) गीतेवर विपुल ओवीरचना करत होते. एकनाथ व दासोपंत हे दोघेही स्टीफन्स यांचे समकालीन होत. नांदेड, लातूर, बीड, पैठण या पट्ट्यात संस्कृत शास्त्र लोकभाषेत आणण्याचे जे काम चालले होते, त्याच जातीचे काम स्टीफन्स गोव्यात लॅटिन शास्त्राबाबत करत होते. दोन्ही ठिकाणी विद्वानांच्या भाषेतील ग्रंथ सामान्य श्रोत्याला ऐकून समजेल अशा ओवीत उतरत होता.

गोव्यातही मराठी ग्रंथपरंपरा होती. कृष्णदास शामा यांचा कृष्णचरित्रकथा हा ग्रंथ इ.स. १५२६ मधील मानला जातो. रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरवलेली सोळाव्या शतकातील मराठी व कोकणी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. जेझुइटांनी हे वाङ्मय अभ्यासासाठी उतरवून घेतले होते. क्रिस्तपुराणाची ओवी पहिल्या तीन चरणांत यमक साधणारी व चौथा चरण आखूड ठेवणारी आहे. तिच्या शैलीवर ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्या परंपरेचा ठसा अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. ग्रंथाच्या आरंभी मराठी भाषेची थोरवी गाताना स्टीफन्स यांनी रत्ने, फुले, सुगंधी द्रव्ये, पक्षी आणि ग्रहतारे यांचे दृष्टान्त दिले आहेत. मराठीच्या गौरवाचा हा भाग आजही सर्वाधिक परिचित आहे.

भाषा व लिपी

क्रिस्तपुराणाची भाषा मराठी असून तिच्यात कोकणी शब्दांचे मिश्रण आहे. साष्टीतील श्रोत्यांना सहज समजावे, या हेतूने हे मिश्रण केल्याचे स्टीफन्स यांनी आपल्या गद्य प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. ख्रिस्ती धर्मविधींसाठी पोर्तुगीज व लॅटिन शब्दही येतात. देशी लिपीत ग्रंथ छापावेत, अशी त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. इ.स. १६०८ मध्ये रोममधील संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्यासाठी खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. जोडाक्षरांमुळे लागणाऱ्या खिळ्यांची मोठी संख्या ही त्यातील अडचण होती. ही योजना प्रत्यक्षात आली नाही आणि ग्रंथ रोमन लिपीतच छापला गेला.

अन्य ग्रंथ

दौत्रिना क्रिस्तां हा कोकणीतील धर्मशिक्षणाचा प्रश्नोत्तररूप ग्रंथ स्टीफन्स यांच्या निधनानंतर इ.स. १६२२ मध्ये राशोल येथे छापला गेला. आर्ते द लिंग्वा कानारी हे कोकणीचे व्याकरण त्यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिले होते. दियोगो रिबेरो यांनी त्यात भर घातल्यानंतर ते इ.स. १६४० मध्ये राशोल येथेच प्रसिद्ध झाले. कोणत्याही भारतीय भाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण मानले जाते. त्याची नवी आवृत्ती कुन्या रिवारा यांनी इ.स. १८५७ मध्ये काढली.

निधन

गोव्यात चाळीस वर्षे काढल्यानंतर इ.स. १६१९ मध्ये, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, स्टीफन्स यांचे निधन झाले. इंग्लंड सोडल्यानंतर ते मायदेशी कधीही परतले नाहीत.

हस्तलिखिते व आवृत्त्या

क्रिस्तपुराणाची दुसरी आवृत्ती इ.स. १६४९ मध्ये आणि तिसरी इ.स. १६५४ मध्ये निघाली. गोव्यातील चर्चमध्ये रविवारी व सणांच्या दिवशी त्याचे वाचन होत असे. इ.स. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषांऐवजी पोर्तुगीज वापरण्याचा हुकूम काढला आणि देशी भाषांतील ख्रिस्ती वाङ्मयाला उतरती कळा लागली. एके काळी हिंदू पुराणांवर आलेली बंधने पाहून त्यांच्या जागी जे पुराण रचले गेले, त्याच्या भाषेवरही अखेर बंधने आली. सतराव्या शतकातील मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. गोव्यातून कर्नाटक किनाऱ्यावर स्थलांतरित झालेल्या कॅथलिक कुटुंबांनी हस्तलिखित प्रती जपल्यामुळे ग्रंथ टिकून राहिला.

मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी इ.स. १९०७ मध्ये हस्तलिखितांच्या आधारे रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखित लंडन येथे आहे. त्याच्याकडे जस्टिन अॅबट यांनी १९२० च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले. या प्रतीत पोर्तुगीज शब्दांच्या जागी अनेक ठिकाणी संस्कृत शब्द आढळतात. तिचा पाठ मूळचा की नंतर संस्कारित केलेला, याविषयी मतभेद आहेत. शांताराम बंडेलू यांनी इ.स. १९५६ मध्ये पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली. त्यानंतर कारिदाद द्रागो (इ.स. १९९६) आणि नेल्सन फलकाव (इ.स. २००९) यांच्या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. फलकाव यांच्या आवृत्तीत आधुनिक मराठी गद्य रूपांतरही आहे.

प्रभाव आणि वारसा

स्टीफन्स यांच्यानंतर फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्रुआ यांनी संत पेत्राच्या चरित्रावर मराठी पुराण रचले. ते इ.स. १६२९ मध्ये छापले गेले. एकोणिसाव्या शतकात बायबलची मराठी भाषांतरे होऊ लागली. विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूर येथे इ.स. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक पाठांवरून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाई टिळक यांनी ते पुढे नेऊन पूर्णत्वास पोहोचवले.

हिब्रू धर्मशास्त्राला मराठीत आणखी एक वाट मिळाली. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने इ.स. १८८० च्या सुमारास मुंबईत अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. या कीर्तनांत त्या कथा येशूकडे नेणारी पायरी म्हणून येत नाहीत. ज्यू समाजाचा स्वतःचा इतिहास म्हणून त्या सांगितल्या जातात. क्रिस्तपुराण आणि ही कीर्तने शेजारी ठेवल्यास, एकच जुने शास्त्र दोन धर्मपरंपरांत कसे वेगळे अर्थ धारण करते, हे मराठीतच अभ्यासता येते.

गोव्यात पर्वरी येथील थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र ही संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. मराठी वाङ्मयेतिहासात क्रिस्तपुराणाला प्राचीन मराठी काव्याच्या परंपरेत स्थान दिले जाते, तर बायबलच्या अभ्यासात जुना करार व शुभवर्तमाने यांचे नाते भारतीय काव्यप्रकारातून मांडणारा आरंभीचा ग्रंथ म्हणून त्याचा विचार होतो.